पाळलेलं ग्रहण

सुलेखा बाथरूममधून केस पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. बैठकीच्या खोलीत ऊन होतं. पुंडलिकनगरातल्या त्या घराच्या बैठकीत अडीच वर्षांत ऊन आलं नव्हतं. तिनं स्वतः शिवलेले दुहेरी पडदे खिडक्यांवरून गायब होते, काळी फिल्म लावलेली तावदानं सताड उघडी होती, आणि माघातलं सकाळचं ऊन थेट सोफ्यापर्यंत आलं होतं.

आशाबाई खुर्चीवर उभ्या राहून पडद्याची दांडी पुसत होत्या.

"पडदे कुणी काढले?"

"म्या काढले. आज घरात सुपारी फुटायची हाय. शुभकार्याला अंधार कशाला? पाव्हणे इचारतील, मढं हाय का घरात म्हणून."

"आत्या, माझी संस्कृती आहे घरात."

"आतल्या खोलीत हाय न्हवं? रोज तिथंच असती. आजच काय नवीन?"

सुलेखानं कपाटावरचं काडेपेटीएवढं मीटर उचललं आणि सोफ्यावर धरलं. उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्या लेकीची कातडी भाजून काढतो, तो हे मीटर आकड्यात दाखवायचं. आकडा वाचून तिनं दातओठ खाल्ले. इतकी वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून तो आकडा शून्यावर राखला होता, आणि या बाईनं एका सकाळीत सगळ्यावर बोळा फिरवला होता.

ही बाई तिची सासू होती आणि सख्खी आत्याही. त्यांच्या सोयरिकीत मामाची मुलगी करणं ही हौस नव्हे, हक्क होता. आशाबाईंनी माहेरी कन्नडला जाऊन भावाला, म्हणजे नानासाहेबांना, "तुझी थोरली माझ्या गोकुळला दे," एवढंच सांगितलं होतं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. लग्नापूर्वी सुलेखा तिला "आत्या, तू" म्हणायची. लग्नानंतर "तुम्ही" म्हणू लागली, आणि माया आटली ती तेव्हापासूनच.

संस्कृती झाल्यावर तर ती पार आटली. सहा महिन्यांची असताना आशाबाईंनी तिला तेल चोळून गच्चीवर उन्हात ठेवलं, दहा मिनिटं, सगळी बाळं ठेवतात तशीच. पोरीचा चेहरा आठ दिवस सुजलेला होता. दीड वर्षाची होईतो गालांवर नि नाकावर तपकिरी ठिपके भरले. तिसऱ्या वर्षी पापणीखालची गाठ काढावी लागली. ती कॅन्सरची निघाली. तीन वर्षांच्या पोरीला कॅन्सर! रक्त हैदराबादला गेलं आणि तिथून जिभेला पेलणार नाही असं नाव आलं, झेरोडर्मा पिगमेंटोसम. डॉक्टरांनी ते सोपं करून सांगितलं. उन्हानं कातडी सगळ्यांचीच उसवते, बाकीच्यांचं शरीर ती परत शिवतं, हिचं शिवू शकत नाही. औषध नाही. ऊन टाळायचं, जन्मभर.

मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर दोन माणसं काढली. "आई आणि बाप, दोघांकडूनही तोच बिघडलेला जनुक आला तरच हे होतं. एकाकडून आला तर काही होत नाही, कळतसुद्धा नाही. तुम्ही नात्यातले का?"

"मामाची मुलगी," गोकुळ म्हणाला आणि खाली बघत बसला.

आशाबाईंनी तो कागद नको असलेल्या स्थळाच्या पत्रिकेसारखा दोन बोटांत धरून पाहिला आणि परत केला. त्यांच्याजवळ आपलं कारण तयार होतं. संस्कृती पोटात दोन महिन्यांची असताना डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं, चिरायचं नाही, कापायचं नाही, बाहेर तर पाऊल टाकायचं नाही. सुलेखा तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होती. वर्षअखेरीची तपासणी होती, रजा मिळत नव्हती. ती स्कूटीला किक मारून गेली.

"गिरण पाळलं नाय हिनं," आशाबाई दूधवाल्यापासून शेजारच्या डोहाळजेवणाला आलेल्या बायांपर्यंत सगळ्यांना सांगत. "भर गिरणात गावभर उंडारली. आता सूर्यच पोरीच्या मागं लागला, त्याला आपण काय करावं?" नानासाहेब भेटायला आले की त्यांच्यासमोरही हेच. नाना त्या वेळी फरशीकडं बघत आणि उसाच्या तोडीचा विषय काढत. सुलेखाला वाटे, बापाला लेकीची निंदा ऐकवत नाही.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट हे होतं, की सुलेखाला स्वतःलाच ते अर्धं पटलं होतं. कागदावरची दोन माणसं तिला तोंडपाठ होती. तरी संस्कृतीच्या पापणीवरचा व्रण दिसला की स्कूटीची किक आठवायची, आणि त्या दिवसाची रजा बिनपगारी का टाकली नाही म्हणून ती स्वतःला खायची.

आता पाळी प्रेरणाची होती. सुलेखाची ही धाकटी बहीण चोवीस वर्षांची, आणि आज तिची सुपारी फुटणार होती ती गोकुळच्याच धाकट्या भावाशी, शिवमशी. सुपारी खरं तर मुलीच्या दारात फुटायची. पण नानासाहेबांची बायको वारलेली, कन्नडच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून आशाबाईंनी ती इकडं ओढून आणली. नानासाहेबांना मुलगा नव्हता. चौदा एकर, दोन विहिरी आणि आल्याचं पीक होतं. दोन्ही पोरी एकाच घरात आल्या की काय होतं, हे आशाबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही. ते न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं.

सुलेखाचं मागणं एवढुसं होतं. दोघांचं रक्त तपासा. गोकुळ आणि ती जशी आपल्या नकळत तो जनुक घेऊन बसली होती, तसे शिवम आणि प्रेरणाही बसले असतील. उत्तराला सहा आठवडे लागतात, तेवढं थांबा. दोघांपैकी एक जरी सुटला तरी पहिला पेढा मीच भरवते.

"पत्रिका जुळली, सव्वीस गुण आले," आशाबाईंनी सांगितलं. "आता रगत कशाला जुळवायचं?"

"आईनं आणि मामांनी ठरवलंय, मी मधे काय बोलू," असं म्हणत गोकुळनं हात झटकले. शिवम तर फुरंगटलाच, "माझ्यात खोट आहे का, वहिनी?" म्हणाला. आणि प्रेरणानं फोनवर जे ऐकवलं ते सुलेखाला महिना झाला तरी गिळता आलं नव्हतं. "तुझं झालं ते झालं, ताई. माझ्यावर कशाला काढतीस? तुला जाऊ म्हणून मी नको आहे, सरळ सांग की!"

आशाबाई खुर्चीवरून उतरल्या.

"बाराला पाव्हणे येतील. पोरीला शेजारी सरिताकडं नेऊन बसव."

"भर उन्हातून?"

"चार पावलं हाय. टाक वढणी डोक्यावर."

"ती घराबाहेर जाणार नाही, आत्या."

"मंग कडी घाल बाहेरून. ते ठिपक्याचं तोंड घिऊन ती आप्पासाहेबांच्या म्होरं आली तर बघ, सांगून ठिवते."

आप्पासाहेब म्हणजे भावकीतले नानांचे चुलते, ब्याऐंशी वर्षांचे, सुपारी फोडायचा मान त्यांचा. त्या कवळी सांभाळत बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं आशाबाईंना एवढं भय का, हे सुलेखाला कळेना. एवढं मात्र तिच्या ध्यानात होतं, की पाच वर्षांत आशाबाईंनी संस्कृतीला एकदाही कन्नडला नेऊ दिलं नव्हतं. ऊन बाधेल म्हणायच्या. त्यांना उन्हाची काळजी होती तेवढी त्या एकाच बाबतीत.

सुलेखानं पडदे शोधले. कपाटात नव्हते, माळ्यावर नव्हते. गोकुळला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहीत?" आणि पेढे आणायला निघून गेला. शेवटी ती संस्कृतीच्या खोलीत गेली, दाराखालच्या फटीला टॉवेल लावला आणि लेकीला समोर बसवून बजावलं.

"आज बाहेर फरशीवर ऊन आहे. दार उघडलं तरी ऊन जिथं सुरू होतं तिथं...?"

"...आपलं घर संपतं," संस्कृती म्हणाली. हे तिला तीन वर्षांची असल्यापासून पाठ होतं.

बाराला कन्नडहून जीप आली. नानासाहेब फेटा बांधून आले होते, प्रेरणा त्यांच्यामागून उतरली आणि बहिणीला ओझरतं बघून आत गेली. आप्पासाहेबांना दोघांनी धरून सोफ्यावर टेकवलं. भावकीतले आणखी तीन-चार जण सतरंजीवर बसले. मध्ये पाट, पाटापुढं ताट, ताटात नारळ, हळकुंड आणि सुपारी. सगळं त्या उन्हात लखलखत होतं आणि आशाबाईंचा चेहराही.

सासरची साडी नेसायला प्रेरणा आतल्या खोलीत गेली. सुलेखाला तिच्यामागं जायचं होतं, दार लावून शेवटचं एकदा सांगायचं होतं. "चहा कोण बघणार?" म्हणत आशाबाईंनी तिला ओट्यापाशी उभी केली.

चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा प्रेरणा मोरपंखी साडीत पाटाकडं चालली होती आणि तिच्यामागून, दार उघडं सापडल्यामुळं, संस्कृती आली होती. उंबऱ्यापलीकडच्या दोन फरश्या सावलीत होत्या. दुसरीच्या कडेला पायांची बोटं बरोबर जुळवून ती थांबली. तिसऱ्या फरशीपासून ऊन होतं.

"मावशी, पदर लोळतोय तुझा," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आशाबाई ताडकन उठल्या, पण त्यांच्या आधी आप्पासाहेबांनी चष्मा वर केला होता.

"आरं नाना," म्हातारा म्हणाला, "हा तर धोंडिबा!"

"काका, तिला ॲलर्जी हाय," आशाबाई घाईनं म्हणाल्या. "आत व्हय गं तू!"

"कसली आलर्जी? तुमचा धोंडिबा असाच होता. हेच ठिपकं, हेच मिचमिचं डोळं." आप्पासाहेबांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, ओळख पटल्याचा आनंदच होता. "गिरणाचं पोर त्ये. तुमच्या आयनं गिरण पाळलं नाय, रानात गेली, म्हणून तसलं निपजलं. आख्ख्या गावाला ठावं हाय."

धोंडिबा. आपल्याला एक धाकटा काका होता आणि तो लहानपणी तापानं गेला, एवढंच सुलेखाला ठाऊक होतं. घरात त्याचा फोटो नव्हता. ट्रे तिच्या हातात तसाच राहिला.

नानासाहेब उठले. मघापासून ते फरशीकडं बघत होते, नेहमीसारखे. लेकीला पाच वर्षं बोल लावले तेव्हा न उठलेला माणूस आता असा उठला की फेटा कलला.

"आप्पा, जीभ आवरा! माझ्या आईला बोलायचं काम नाय. आईनं गिरण पाळलं होतं. ऐंशी सालचं गिरण, भर दुपारचं. आई कोठीच्या खोलीत दार लावून बसली होती, पाण्याचा घोट घेतला नाय तिनं. ही आशा तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. बारा वर्षांची होती, सगळं कळत होतं तिला. इचारा की! सांग आशा, आई भाईर पडली होती का?"

आशाबाईंपुढं दोनच वाटा होत्या. मेलेल्या आईला भावकीदेखत दोषी ठरवायचं, नाहीतर पाच वर्षं राबवलेलं कारण हातचं घालवायचं. सुलेखा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या बाईला आईची माया होती, एवढं मान्य करायला हवं.

"नाय पडली," आशाबाई म्हणाल्या.

सुलेखानं ट्रे खाली ठेवला. "मग धोंडिबाकाकाला हे कशानं झालं?"

ती बापाकडं वळली.

"नाना, तुम्ही सांगा. तुम्ही माझ्या पोरीला मांडीवर घेतलंत तेव्हा तुम्हाला तुमचा भाऊ दिसला नाही?"

नानासाहेब खाली बसले. लेकीकडं बघायची त्यांची छाती झाली नाही, आणि तेच उत्तर होतं.

"आणि आत्या, तू!" पाच-सात वर्षांनी तो "तू" तिच्या तोंडातून निघाला आणि तिनं तो मागं घेतला नाही. "तू तिथं बसली होतीस. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की गिरणानं काही होत नाही. तरी गल्लीभर माझा बोभाटा केलास. मी माझ्याच पोरीची वैरी आहे असं मला वाटायला लावलंस. कशाला?"

आशाबाईंनी पदर खोचला. त्यांची नजर खाली गेली नाही.

"व्हय, ठावं होतं! काय करशील? माझ्या लग्नाच्या दिशी त्याला सकाळीच रानात नेऊन बसवला, कडब्याच्या गंजीमागं. सात वर्षांचा होता. वऱ्हाडाच्या नजरंला पडू नाय म्हणून. वैशाखाचं ऊन. सांजच्याला आणला तवा तोंडाची साल निघाली होती. दुसऱ्या वर्षी गेला." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "कुणी बघितलं नाय म्हणून माझं लग्न झालं. कुणी बोललं नाय म्हणून तुझं झालं. बोललो असतो तर या घरातली एक पोरगी उजवली नसती. लई शानी झालीस तू, शिकलेली!"

"आणि आज सकाळी माझ्या पोरीला ओढणी टाकून उन्हात काढत होतीस."

आशाबाई सतरंजीचं टोक सरळ करू लागल्या.

सुलेखाला वाटलं होतं, कधीतरी खरं कळेल आणि छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा उतरला, पण त्या जागी संताप आला. गंजीमागं बसलेल्या त्या सात वर्षांच्या पोराची तिला दया आली. समोरच्या बाईची आली नाही, कणभरही नाही.

आणि त्या बाईचा निगरगट्टपणा असा, की ती आप्पासाहेबांकडं वळली. "काका, मुहूर्त टळतोय. फोडा सुपारी."

आप्पासाहेबांनी भांबावून हात पुढं केला. पण ताटात सुपारी नव्हती. ती प्रेरणाच्या मुठीत होती.

"ही आज फुटणार नाही," प्रेरणा म्हणाली. "शिवम, उद्या सकाळी रक्त द्यायला चल. दोघंही देऊ. उत्तर येईस्तोवर ही माझ्याकडं राहील. तुला यायचं नसेल तर आत्ताच सांग, रानात फेकून देते."

शिवमनं आईकडं पाहिलं, मग संस्कृतीकडं. "येतो," तो पुटपुटला.

"प्रेरणा, बापाची अब्रू..." नानासाहेबांनी सुरुवात केली.

"तुम्ही बोलू नका, नाना." ती बहिणीकडं वळली. माफी मागायला लागणारं तोंड तिला अजून सापडलं नव्हतं, म्हणून तिनं दुसरंच विचारलं. "ताई, पडदे कुठंयत?"

"मला मिळाले नाहीत."

तेव्हा गोकुळ उठला. मुकाट्यानं आईच्या खोलीत गेला, पलंगाखालून पडद्यांचं गाठोडं ओढून बाहेर आला आणि ते प्रेरणाच्या हातात दिलं. म्हणजे सकाळपासून त्याला ठाऊक होतं. सुलेखानं ते पाहिलं आणि मनात ठेवलं. त्याचा निकाल पाहुणे गेल्यावर लागणार होता.

प्रेरणानं तावदानं ओढून घेतली. मोरपंखी साडीचा पदर कमरेला खोचून ती पाटावर चढली आणि उंची पुरेना म्हणून खुर्चीवर. सुलेखा खालून एकेक पडदा देत गेली. भावकीतले लोक हळूच जोडे शोधू लागले. पहिला पडदा लागला तेव्हा ऊन सोफ्यावरून उतरलं. दुसऱ्याला सतरंजी सावलीत आली. तिसऱ्याला फक्त दाराशी एक पट्टा उरला, तो सुलेखानं दार लावून घालवला आणि ट्यूब लावली. मग मीटर काढून खोलीभर फिरवलं. आकडा शून्यावर आला.

"ये," ती लेकीला म्हणाली.

संस्कृतीनं दुसऱ्या फरशीवरून पाऊल उचललं. पाहुण्यांच्या मधून, ताटाला वळसा घालून ती सरळ आजीपुढं जाऊन उभी राहिली. मघापासून तिनं सगळं ऐकलं होतं आणि एक गोष्ट तिला कळली नव्हती.

"आजी, धोंडिबाकडं पडदे नव्हते?"

आशाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आजी, सांग ना. मग तुम्ही त्याला घरात का नाही ठेवलं?"

सुलेखानं लेकीला गप्प केलं नाही. उत्तर मिळेपर्यंत तिला तिथंच उभी राहू दिली.